तागाचा हंगाम आणि यजमानाचा त्याग

जी वनस्पती आपण स्वहस्ते पेरतो, जिची वाढ दीड-दोन महिने कौतुकाने न्याहाळतो आणि जिने पहिली पिवळी कळी धरली न धरली तोच जिला विळ्याने आडवी करून मातीत गाडून टाकतो, तिच्याशी आपले नाते कोणत्या प्रकारचे मानावे, हा प्रश्न भाजीमळा राखणाऱ्या विचारी मनुष्यास केव्हा ना केव्हा पडल्यावाचून राहत नाही. ती यज्ञातील आहुती म्हणावी, की आपल्या लाभासाठी केलेला वध म्हणावा? हिरवळीच्या खताविषयी कृषिखात्याच्या पत्रकांतून पुष्कळ उपयुक्त माहिती मिळते; परंतु हा प्रश्न त्या पत्रकांच्या अखत्यारीतला नसल्यामुळे तो ज्याचा त्यानेच सोडवावा लागतो.

कृतीचे वर्णन थोडक्यात सांगता येईल. मृगाचा पाऊस पडून वाफसा आला, की गुंठ्याला अर्धा किलो या बेताने तागाचे बी फोकून द्यावे आणि ते दाट उगवू द्यावे, म्हणजे तणाला डोके वर काढण्यास जागा राहत नाही. सहासात आठवड्यांत पीक कमरेच्या वर जाते, आणि फुलोरा सुरू होताच ते कापून वीतभर मातीखाली दाबले, जमिनीत ओल राखली व दोनतीन आठवडे कुजू दिले, म्हणजे त्या वाफ्यात वांगी, कोबी, मिरची यांची रोपे लावता येतात. पाणी साचणाऱ्या किंवा खारवट जमिनीत ताग तग धरीत नाही. तेथे धैंचा पेरावा. मात्र कळीच्याच वेळी कापण्याचा जो दंडक आहे, त्याचे कारण नीट ध्यानात घेण्यासारखे आहे. कोवळा ताग रसरशीत असतो व लवकर कुजतो. तोच फुले गळून शेंगा भरेपर्यंत उभा ठेवला, तर ज्या वाखाचे आपण दोर वळतो तो वाख त्याच्या खोडात पक्का होतो, आणि असे काष्ठमय द्रव्य मातीत गेले म्हणजे ते पचविण्यासाठी तेथील सूक्ष्म जीव जमिनीतलाच नत्र स्वतःकडे ओढून घेतात, परिणामी नव्याने लावलेली रोपे पिवळी पडतात. सारांश, देण्यासारखे सर्वांत अधिक जेव्हा त्या वनस्पतीजवळ असते आणि स्वतःच्या संततीकडे ते वळविण्याच्या उंबरठ्यावर जेव्हा ती उभी असते, नेमक्या त्याच क्षणी आपण तिला अडवतो.

येथे हिंसेचा विचार करावाच लागतो, आणि आपल्या परंपरेने तो टाळलेला नाही. लोखंडी फाळ भूमीचे व भूमीत राहणाऱ्या जीवांचे विदारण करतो म्हणून सज्जन या वृत्तीची निंदा करतात, असे मनुस्मृतीने कृषीविषयी म्हटले आहे; महाभारताच्या शांतिपर्वातल्या तुलाधार वैश्यानेही जाजली ऋषीला नांगराविषयी हीच तक्रार ऐकविली आहे. जैन आचारशास्त्राने तर श्रावकाला वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांत भूमी फोडण्याच्या व्यवसायाची गणना केली. आणि तरीही असि, मसि आणि कृषी यांचे शिक्षण मानवजातीला प्रथम दिले ते आदिनाथ ऋषभदेवांनी, असे तीच परंपरा मानते व कोल्हापूर-सांगलीकडचा जैन शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरीत आला आहे. या दोन टोकांमध्ये सेतू बांधण्यासाठी जैन विचारवंतांनी केलेला भेद मला फार मोलाचा वाटतो: उपजीविकेच्या ओघात घडणारी उद्योगी हिंसा वेगळी आणि मारण्याच्या हेतूनेच केलेली संकल्पी हिंसा वेगळी. हा भेद मुख्यतः हालचाल करणाऱ्या जीवांना उद्देशून सांगितलेला आहे हे खरे. पण तो तागाला लावून पाहिला, म्हणजे आपली अडचण स्पष्ट होते. नांगराखाली गांडूळ सापडते ते आपल्या मनात नसताना. ताग मात्र आपण गाडण्याच्या संकल्पानेच पेरलेला असतो.

यावर कोणी म्हणेल, आणि ते म्हणणे रास्त आहे, की मेथीची जुडी उपटताना ही शंका कोठे गेली होती? मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा यांपैकी एकालाही आपण बीज धरू देत नाही. भाजीमळ्याचा सारा व्यवहार अपुऱ्या राहिलेल्या आयुष्यांवरच चालतो. मेथी पानात येते म्हणून तिचे मरण आपल्याला दिसत नाही, आणि तागाची चव जिभेला कळत नाही म्हणून त्याचे मरण डोळ्यांवर येते, इतकाच हा फरक आहे. तेव्हा तागाने उभा केलेला प्रश्न एकट्या तागाचा नाही, सगळ्या अन्नाचा आहे. ताग तो आपल्यापुढे झाकण काढून ठेवतो एवढेच.

श्रावणात तागाचे एक झाड मुळासकट हलक्या हाताने उपटून पाण्यात धुवावे. मुळांच्या तंतूंवर मोहरीपासून मुगाएवढ्या गाठी लागलेल्या दिसतात. त्यांतली एखादी टपोरी गाठ नखाने चिरली, तर आतला गाभा चांगला तांबूस-गुलाबी निघतो, आणि पाहणारा क्षणभर चपापतो, कारण वनस्पतीच्या देहात या रंगाची त्याने अपेक्षा केलेली नसते. हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असूनही कोणतेच झाड तो स्वतः घेऊ शकत नाही. शेंगवर्गीय झाडे तो मुळांवरल्या गाठींतील जिवाणूंच्या साह्याने घेतात, हे हेलरीगल आणि विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६ साली दाखविले, व दोनच वर्षांनी बायरिंक या डच पंडिताने ते जिवाणू वेगळे काढले. गाठीतील लाली कशाची, याचा उलगडा जपानात हिदेओ कुबो यांनी १९३९ साली केला: आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच कुळातले ते द्रव्य असून जिवाणूंना बेताचा प्राणवायू पोहोचविण्याचे काम ते करते. वनस्पतीला रक्त नसते म्हणून तिच्या वधाचे काही वाटून घेऊ नये, असे समाधान करून घेणाऱ्याने ही चिरलेली गाठ एकदा अवश्य पाहावी.

मग याला यज्ञ म्हणावे का? मीमांसकांची याविषयीची व्याख्या काटेकोर आहे: देवतेला उद्देशून द्रव्याचा त्याग करणे म्हणजे याग, आणि तो त्याग 'हे माझे नाही' अशा भावनेने व्हावयास हवा. यातून अपरिहार्यपणे निघणारी अट अशी, की जे द्रव्य टाकावयाचे ते मुळात आपल्या मालकीचे असले पाहिजे. दुसऱ्याच्या वस्तूवर कोणी उदार होऊ शकत नाही. विश्वजित यज्ञात यजमानाने सर्वस्व दान करावयाचे असते. मग राजाने पृथ्वीही देऊन टाकावी काय, असा प्रश्न जैमिनीने आपल्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात घेतला आहे, आणि निर्णय नकारार्थी दिला आहे, कारण पृथ्वी सर्वांना सारखीच आहे, ती कोणा एकाची नाही. सनदा, इनामे, मिरासपत्रे यांनी आपली दफ्तरे भरलेली असताना हा जुना निर्णय वाचला, की मन स्तिमित होते. या कसोटीवर पाहता तागाचा नत्र हवेतला, तो बांधणारे श्रम जिवाणूंचे, देह तागाचा आणि भूमी सर्वांची. यजमान म्हणून मिरविणाऱ्या मळेकऱ्याचे यांत स्वतःचे म्हणण्यासारखे काय उरले?

माझ्या मते एकच गोष्ट उरते, आणि ती म्हणजे हंगाम. ज्या वाफ्यात पावसाळी भेंडी, दोडका, काकडी घेऊन चार पैसे मिळाले असते, तो वाफा त्याने आषाढ-श्रावण विनाउत्पन्न सोडला; ही आवक त्याची होती, ती घेण्याचा त्याला हक्क होता, आणि तो हक्क त्याने आपण होऊन सोडला. तागाला बळी म्हणून पुढे करून आपण त्याग केल्याचे पुण्य पदरात बांधणे हे मला अप्रामाणिक वाटते. खरी आहुती पडली असेल तर ती त्या सोडलेल्या उत्पन्नाची.

परंतु ती आहुती काम्य आहे की नित्य, यावर पुढचे सारे अवलंबून राहते. पुढच्या वांग्याला दुप्पट फळ यावे म्हणून ज्याने ताग पेरला, त्याचे कर्म काम्य. त्यात दोष नाही, पण फळाशी त्याची गाठ बांधलेली आहे, आणि तेच फळ पोत्यातून स्वस्तात मिळू लागले की तो ताग सोडून देईल. १९५१ साली सिंद्रीचा खतकारखाना सुरू झाल्यावर अमोनियम सल्फेट सुलभ झाले, आणि त्यानंतरच्या काळात अनेक मळ्यांतून तागाचे बी हद्दपार झाले ते याच हिशेबाने. नित्य कर्माचा न्याय निराळा असतो. ते केल्याने विशेष फळ मिळते असे शास्त्र सांगत नाही; न केल्याने प्रत्यवाय, म्हणजे दोष, घडतो एवढेच सांगते. ज्या मातीतून आपण वर्षानुवर्षे उचल केली, तिला ठराविक अंतराने एक हंगाम देणे हे मी या दुसऱ्या वर्गात घालतो, आणि म्हणूनच त्याची किंमत पुढच्या पिकाच्या वजनावरून करणे मला मान्य नाही.

येथे एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. तागाने भूमीचे सगळे ऋण फिटते, असे उत्साहाच्या भरात सांगणारे पुष्कळ आहेत. नत्र आणि सेंद्रिय द्रव्य तो बाहेरून आणतो, जमीन भुसभुशीत करतो, मुळांना गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींनाही पुष्कळसा आवर घालतो. परंतु स्फुरद आणि पालाश तो निर्माण करीत नाही, जमिनीतले उचलून जमिनीलाच परत करतो. टोपलीतून बाजारात गेलेल्या प्रत्येक वांग्याबरोबर ही द्रव्ये गावाबाहेर जातात, आणि शेणखत, राख, हाडांचे खत यांवाचून ती थकबाकी तशीच राहते. कोकणात वरकस जमिनीवरच्या झाडांचा टाळ तोडून भाताच्या रोपवाटिकेवर राब भाजतात, तेथेही एका जमिनीचे देणे दुसरीच्या खात्यावर टाकलेले असते, आणि जाळल्यामुळे पाल्यातला नत्र हवेत जातो तो वेगळाच.

आता ज्या प्रश्नासाठी हा सारा प्रपंच मांडला, त्याकडे, म्हणजे हा हंगाम सोडण्याचा भार कोणी उचलावा याकडे, येतो. शहरांच्या आसपास भाजी पिकविणारी पुष्कळ माणसे दुसऱ्याच्या जमिनीवर, वर्षाच्या बोलीने, खंड भरून राबतात. त्यांना एक हंगाम सोडा असे सांगणे म्हणजे जो घास त्यांच्या तोंडात पडलेलाच नाही त्याचा त्याग करावयास सांगणे होय. शिवाय पुढच्या साली तो वाफा दुसऱ्याकडे गेला, तर यांच्या तागावर त्याची वांगी पोसली जाणार. अशा माणसाने ताग पेरला नाही म्हणून त्याला भूमीविषयी अनास्था आहे, असा ठपका ठेवणे अन्यायाचे आहे. सर्वांना सारख्याच असलेल्या पृथ्वीचा एक तुकडा ज्याच्या नावावर सातबाऱ्यात चढला आहे, नित्यकर्माचा अधिकार आणि त्याचा भार, दोन्ही त्याच्याकडे जातात. तेव्हा तागाच्या हंगामाचा खंड त्याने सोडावा, बियाणे स्वतः पुरवावे आणि त्या वाफ्याची वहिवाट पुढील दोन वर्षे त्याच कुळाकडे राहील असे लिहून द्यावे. यात अपूर्व असे काही नाही. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्या रयतेला मराठी राज्यात इस्ताव्याचा कौल मिळत असे. पहिल्या सालचा सारा नाममात्र असे व पुढे तो वर्षागणिक चढत जाई, कारण जमीन सुधारण्यास लागणारा काळ सरकारने आपल्या वसुलातून सोसावा, हे त्या काळच्या कमाविसदारांनाही समजत होते.