पाटी पुसायची नाही

लेकीच्या घरी, पेन्सिल्व्हेनियात, मी पोचले तेव्हा दिवाळी होऊन पंधरवडा झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर मंजूने चार जाड फाइली माझ्यापुढे ठेवल्या. नातीची, रेवाची, पहिली ते चौथी.

२०२० साली करोनाने शाळा बंद पडल्या तेव्हा रेवा सहा वर्षांची होती. मंजूने तिला घरीच शिकवायचं ठरवलं. त्या राज्यात त्यासाठी १९८८ सालापासून कायदा आहे आणि तो चांगलाच कडक आहे. दरवर्षी १ ऑगस्टपर्यंत तिथल्या शाळा-जिल्ह्याकडे प्रतिज्ञापत्र द्यायचं, वर्षात १८० दिवस किंवा ९०० तास शिकवायचं, वाचलेल्या पुस्तकांची नोंद आणि वहीची पानं फाइलला लावायची. पेन्सिल्व्हेनियाचा इतिहास शिकवावा लागतो, आगीपासून बचाव कसा करायचा तेही शिकवावं लागतं. मग एक मूल्यमापक येऊन मुलाशी बोलतो, फाइल बघतो आणि जूनअखेर पत्र देतो की हो, शिक्षण झालं.

मी बत्तीस वर्षं सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. वह्या बघायची नजर मेली नव्हती. अक्षर सुरेख, समासात रंगीत चौकटी, आणि चारही फाइलींत एक उत्तर चुकलेलं नाही. असं मूल मी पाहिलेलं नाही. गणिताचं एक पान खिडकीपाशी नेलं तर कागद जागोजाग पातळ झालेला. एके ठिकाणी खोडरबराने आरपार भोक. उजेडात धरल्यावर उत्तराखाली दुसरेच आकडे दिसले.

“कुणी खोडलं हे?”

“मीच. फाइल बाहेर जाते ना आई.”

मी तेव्हा काही बोलले नाही. जावयांच्या व्हिसावर आलेल्या मंजूला तिथे नोकरीची परवानगी नाही. पुण्यात सहा वर्षं कंपनीत काम केलेली मुलगी, इथे तिच्या नावावर काहीच नव्हतं. त्या चार फाइली हेच तिचं काम, आणि मूल्यमापकाचं पत्र ही वर्षाकाठी मिळणारी एकच पावती. ती तिने किती जपली असेल, हे मला कळत होतं.

घरचं शिक्षण थांबलं ते रेवामुळे. पोहण्याच्या क्लासला एका मुलीने तिला विचारलं, तुझ्या वर्गात किती जण आहेत? रेवा म्हणाली, मी आणि आई. त्या रात्री तिने हट्ट धरला की मला अजून मुलं हवीत. मंजूला एकदम शाळेच्या इमारतीत पाठवायचा धीर होईना, म्हणून मधला रस्ता काढला, सरकारी खर्चाने चालणारी ऑनलाइन शाळा. तिथे अशा शाळांना २००२ सालापासून कायद्याची चौकट आहे. फी नाही, पैसे मूल जिथे राहतं त्या शाळा-जिल्ह्याकडून जातात. जन्मदाखला, लसीकरणाचे कागद, पत्त्याचा पुरावा दिला, शाळा-जिल्ह्याला घरचं शिक्षण थांबवल्याचं कळवलं आणि खोक्यातून लॅपटॉप, प्रिंटर, पुस्तकं दारात आली. ऑगस्टअखेर रेवा पाचवीत बसली. शाळेच्या कागदांवर मंजूचं पद होतं ‘लर्निंग कोच’. शिकवणार शाळेच्या बाई. आईने मुलाला वेळेवर बसवायचं, अडलं तर धीर द्यायचा, बस.

मंजू मात्र कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेताने डाव्या हाताला एक बुटकं स्टूल टाकून बसायची. मी मागे सोफ्यावर विणकाम घेऊन. बाईंनी प्रश्न विचारला की रेवाची मान अर्ध्या वितीने डावीकडे वळायची. मंजू बोटं दाखवायची, कधी पाठकोऱ्या कागदावर आकडा लिहून धरायची. रेवा उत्तर द्यायची, बाई म्हणायच्या छान. सुरुवातीची चाचणीही अशीच झाली होती, त्यामुळे गणितात रेवाला पुढच्या गटात टाकलं होतं. पोर रोज रात्री पोट दुखतं म्हणायची. डॉक्टरला पोटात काही सापडलं नाही.

जानेवारीत बाईंनी मंजूशी बोलायला वेळ मागितली. आवाज मऊ होता, पण आडपडदा नव्हता. म्हणाल्या, “रेवाची उत्तरं बरोबर येतात. पण उत्तराआधी ती डावीकडे बघते. मला तिच्या चुका अजून दिसलेल्याच नाहीत, आणि त्या दिसल्याशिवाय मला तिला काही शिकवता येत नाही. गणिताच्या तासाला तुम्ही दुसऱ्या खोलीत बसाल का?”

मंजूने लॅपटॉप मिटला आणि दिवसभर कुणाशी बोलली नाही. रात्री भांडी आवरताना मला राहवलं नाही. म्हटलं, “बाई बरोबर बोलल्या गं. माझ्या वर्गात नियम होता, मी बघितल्याशिवाय पाटी पुसायची नाही. पोरं थुंकी लावून पुसायची, तरी मी—”

“तू बघायचीस आणि वर धरायचीस,” ती म्हणाली. नळ चालूच होता. “चौथीत हातच्याची वजाबाकी चुकली माझी. तू माझी पाटी सगळ्या वर्गाला दाखवलीस. बाईंच्या मुलीची पाटी! पोरं हसली. घरी येऊनही तू आईसारखी बोलली नाहीस त्या दिवशी. मी तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या मुलीची चूक कुणाच्या नजरेला पडू द्यायची नाही.”

मला तो दिवस आठवत नव्हता. पण मी तसं केलं असणार. बाई स्वतःच्या लेकीला झुकतं माप देते असं गावात कुणी म्हणू नये, याची मला फार धास्ती असायची. त्या धास्तीपायी मी माझ्याच मुलीवर जास्त कडक झाले. पाटी बघायची ती मुलाचं कुठे अडलं ते कळावं म्हणून, हे मला ठाऊक होतं, दुसऱ्यांच्या पोरांबाबत मी ते पाळलंही. घरच्या पोरीची पाटी मी गावाला दाखवायला वापरली. आणि ती आता तिच्या पोरीची पाटी घाईघाईने पुसत होती. दोघींनी चूक बघितली, पण त्या चुकीतलं मूल बघितलं नाही.

“चुकलं माझं, मंजू,” मी म्हटलं. पस्तिशी ओलांडलेल्या मुलीला हे शब्द मी पहिल्यांदाच म्हणत होते. तिने नळ बंद केला. बराच वेळ आम्ही दोघी नुसत्याच उभ्या होतो.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला स्टूल स्वयंपाकघरात आलं. मंजू पोळ्या लाटायला बसली, कान मात्र तिकडे. दार लोटलेलं, पण आवाज येत होता. बेरीज दिली होती २/३ अधिक १/४. रेवाची मान सवयीने डावीकडे वळली असणार, कारण बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग तिने लिहिलं, अंशात अंश, छेदात छेद: ३/७. मंजूचं लाटणं थांबलं. उठायला लागली. मी तिच्या मनगटावर हात ठेवला.

बाई म्हणाल्या, “थँक यू रेवा, हे आपण सगळे बघू या. २/३ म्हणजे अर्ध्याहून जास्त की कमी?”

“जास्त.”

“आणि ३/७?”

जरा वेळ गेला. “कमी.”

“मग २/३ मध्ये आपण भर घातली, आणि उत्तर त्यापेक्षा लहान कसं झालं?”

पलीकडून कुणा मुलाचा आवाज आला, मलाही तेच आलंय. मग आणखी एकीचा. मग बाईंनी काडेपेटीच्या आकाराचे बारा चौकोन काढायला सांगितले. २/३ म्हणजे त्यातले आठ, १/४ म्हणजे तीन. रेवाने मोजले, अकरा. बारातले अकरा. छेद सारखा का करायचा, हे त्या पोरीला चार वर्षांत पहिल्यांदा कळलं, आणि खरं सांगते, इतक्या नेमक्या प्रश्नाने ते मीही कधी वर्गात उलगडलं नव्हतं.

तास संपल्यावर रेवा धावत आत आली. “आई, अजून चौघांनी ३/७ लिहिलं होतं!” तिला एखादं बक्षीस मिळावं तसा चेहरा. मंजूने पिठाचे हात तसेच तिच्या गालांना लावले.

पुढच्या आठवड्यात मंजूने स्वतःहून बाईंना कळवलं की पहिली चाचणी आपल्या मदतीने झाली होती. रेवाला खालच्या गटात आणलं. पोटदुखी हळूहळू गेली. मंजू दुपारी रेवासोबत वाचायला बसते, चालायला नेते, मराठी लिहायला शिकवते. ते तिचं आहे आणि ते कुठल्या शाळेने घेतलेलं नाही.

एप्रिलअखेर राज्याची परीक्षा होती. रेवाच्या शाळेच्या मुलांना ती समक्ष बसून द्यायची होती. एका हॉटेलच्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती, पालकांना आत प्रवेश नव्हता. आम्ही दोघी गाडीत बसून राहिलो. रेवा बाहेर आली ती भूक लागली म्हणत. काही प्रश्न आलेच नाहीत, म्हणाली, आणि डबा उघडला.

मी मे महिन्यात परतले. निकाल पुढे पावसाळा सरताना आला. इंग्रजीत ‘प्रोफिशियंट’, गणितात त्याच्या खालची पायरी, ‘बेसिक’. मंजूने त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, जसा आला तसा, पूर्ण पान.