जळालेल्या झाडाची आशा



ईयोबाच्या पुस्तकाच्या 14 व्या अध्यायात तो दुःखी भक्त म्हणतो की, झाड तोडले तरी त्याला आशा उरते. पाण्याचा नुसता वास लागला तरी त्याला पुन्हा धुमारे फुटतात.

पवित्र शास्त्रातील देशाच्या रानाची रीत जाणली म्हणजे या बोलण्याचा अर्थ उघड होतो. आपल्याकडे उन्हाळा सरला की पाऊस येतो; परंतु भूमध्य समुद्राच्या काठी पाऊस सौम्य हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळाभर आकाश कोरडे राहते. म्हणून तेथील ओक वृक्षाची पाने लहान व चिवट असतात आणि मुळे खडकांच्या फटींतून खोल जातात.

ज्या कर्मेल डोंगरावर एलीयाने पावसासाठी प्रार्थना केली, तेथे 2 डिसेंबर 2010 रोजी वणवा पेटला. त्या वर्षी आगोटीचा पाऊस लांबल्यामुळे रान कडकडीत वाळले होते. 44 माणसे मृत्यू पावली. हा त्यांच्या पापाचा दंड, असे कोणी म्हणू नये. शिलोहाच्या बुरुजाखाली मेलेल्या अठरा जणांविषयी असा तर्क प्रभूने खोडून काढला आहे.

पुढे पाऊस पडला. ओकांच्या जळक्या बुंध्यांशी कोवळे कोंब निघाले. तेथील पाइन वृक्षाची काही फळे राळेने घट्ट मिटलेली असतात. आचेने राळ वितळते, फळ उकलते आणि बी राखेत पडून रुजते. तथापि ते रोप फळास येण्यापूर्वीच दुसरा वणवा आला, तर बी उरत नाही.

झाडाचे असे आहे. पण त्या 44 जणांचे काय? मनुष्याच्या देहाला असे मूळ नाही, हे ईयोब जाणत होता. म्हणूनच, मेलेला मनुष्य पुन्हा जगेल काय, असा प्रश्न त्याने केला. त्याचे उत्तर कोणत्याही रानात नाही. ते यरुशलेमेजवळच्या रिकाम्या कबरेपाशी मिळाले. ख्रिस्त उठला आहे!

उपदेशक बंधूंनो, शोकाच्या घरी गेलात तर पाप कोणाचे, हे विचारू नका. प्रथम त्यांच्याबरोबर रडा. मग त्या कबरेविषयी सांगा. आणि मंडळीत जे विश्वासात कालच रुजले, त्यांना राखेतील रोपांप्रमाणे जपा; आपल्या भांडणांचा वणवा त्यांच्यापर्यंत जाऊ देऊ नका. जो पुनरुत्थान व जीवन आहे, तो प्रभू आपणांस यासाठी कृपा देवो. आमेन.