ठेव

आईच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं आणि मला बंगळूरहून नऊ दिवसांसाठी कोल्हापूरला जावं लागलं. घरात दोन गावठी कुत्री, गुंड्या आणि शेवंती. त्यांना कुठे ठेवायचं म्हणून शहराबाहेरचं एक डॉग बोर्डिंग आधी जाऊन पाहून आले. फरशा धुतलेल्या होत्या, मागे मोकळं आवार होतं. मालक म्हणाले, दिवसातून दोनदा मोकळं सोडतो, रात्री माणूस असतो, रोज संध्याकाळी फोटो पाठवतो. मी पैसे आगाऊ भरले.

फोटो रोज आले. दवाखान्याच्या व्हरांड्यात उभं राहून मी ते पाहायची आणि निश्चिंत होऊन आईजवळ जायची.

दहाव्या दिवशी आणायला गेले तर शेवंतीचा भुंकून भुंकून आवाज बसलेला. गुंड्याच्या मानेवर पट्ट्याखालचे केस गेले होते आणि तिथे ओली जखम होती. डॉक्टरांच्या काट्यावर त्याचं वजन अडीच किलोंनी कमी भरलं. रात्री मी ते फोटो एकापुढे एक लावून पाहिले. वेगवेगळ्या दिवशी आलेल्या पाच फोटोंत बादलीच्या कडेला अडकवलेला हिरवा मग त्याच कोनात होता, फरशीवरचा ओला डागही तोच. पाच दिवसांचे फोटो एका दुपारी काढून ठेवले होते.

मालकांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, ‘तुमच्या आठवणीनं खाल्लं नाही त्यानं. पट्ट्याला हिसकेही तोच देत होता.’ फोटोंचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. बाकीचं मात्र खरं असू शकतं. मी तिथे नव्हते, आणि जे होते त्यांना सांगता येत नाही.

महाभारतातला शेवटचा कुत्रा सगळ्यांना आठवतो, युधिष्ठिराबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेला. आदिपर्वातला पहिला सहसा आठवत नाही. जनमेजयाचं सत्र चालू असताना तिथे आलेल्या एका पिल्लाला त्याचे तिघे भाऊ मारतात. पिल्लू रडत आईकडे, सरमेकडे, जातं आणि सांगतं की मी हविर्द्रव्याकडे पाहिलं नाही, त्याला जीभ लावली नाही. सरमा सत्रात येऊन जाब विचारते. कोणी उत्तर देत नाही, तेव्हा ती शाप देते. त्या पिल्लाला घडलं ते सांगता आलं आणि सांगायला आई होती, म्हणून एवढं तरी झालं. गुंड्याची जखम मला दिसते. तिची हकीकत मला कळणार नाही.

कायदा काय म्हणतो तेही पाहिलं. 1872 च्या करार कायद्यानुसार कुणाकडे वस्तू सांभाळायला दिली, तर सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी त्यानं घ्यायची. कलम 151. म्हणजे माझी कुत्री इथे सामान ठरतात. 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात त्यांना वेदना आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. मराठीत आपण ठेवलेल्या गोष्टीला ‘ठेव’ म्हणतो. ठेवीची कल्पना अशी की दिली तशी परत मिळावी. जीव असा नऊ दिवस जसाच्या तसा राहत नाही. त्या नऊ दिवसांत त्याला काहीतरी होतच असतं, बरं किंवा वाईट.

कुत्री गाडीत चढवताना तिथला पोरगा मदतीला आला होता. झारखंडचा, असेल एकोणीस-वीस वर्षांचा. मालक आत गेल्यावर तो हळूच म्हणाला की रात्री तो एकटाच असतो आणि पिंजरे तीस. मला होमरचा आर्गोस आठवला. ओडिसियस वीस वर्षांनी घरी येतो तेव्हा त्याचा कुत्रा उकिरड्यावर गोचिडांनी भरून पडलेला असतो. युमेयस म्हणतो, धनी नसला की गुलाम नीट काम करत नाहीत. आणि लगेच पुढे म्हणतो, गुलामगिरीचा दिवस उगवतो तेव्हा माणसाचं अर्धं सत्त्व झ्यूस काढून घेतो. हे बोलणारा स्वतः गुलाम आहे. बोर्डिंग पाहायला गेले तेव्हा मी फरशा पाहिल्या, आवार पाहिलं. रात्री किती कुत्र्यांमागे किती माणसं, हे विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि मग जाणं अवघड झालं असतं. फोटोंची किंमतही मीच भरली होती. मला निश्चिंतपणा हवा होता आणि तो मला नियमित मिळाला.

हे लिहिताना तक्रारीचा सूर लावणं सोपं आहे. पण त्या पाच फोटोंकडे पाहताना मला माझंच एक काम आठवत राहिलं. काही वर्षांपूर्वी मी एका कन्नड कथेचा मराठी अनुवाद केला. तिच्यात गुऱ्हाळाचं वर्णन करणारा एक लांब परिच्छेद होता, दहाएक अवजारांची आणि कामांची नावं असलेला. मुदत जवळ आली होती. मी त्या परिच्छेदाची दोन वाक्यं केली. लेखक हयात नव्हते. मराठी वाचक मूळ कथा वाचणार नव्हते आणि कन्नड वाचक माझा अनुवाद. एका परीक्षणात तो ‘ओघवता’ ठरला. कापलेल्या जागेची खूण कुठेच नव्हती, म्हणून तर ओघ होता.

कुत्र्याची जखम आणि गाळलेला परिच्छेद एका मापानं मोजता येत नाहीत, हे मला कळतं. गुंड्याला दुखलं, परिच्छेदाला दुखत नाही. पण दोन्हीकडे काम करणाऱ्याला एकच गोष्ट ठाऊक होती: ज्याचं आहे तो बोलणार नाही आणि ज्यानं सोपवलं तो पाहणार नाही. अशा वेळी आपण जे करतो, तेवढीच आपली निगा. बाकीची पाहणाऱ्यासाठी असते.

बोर्डिंगच्या मालकांना मी पत्र लिहिलं आहे. त्यात फक्त जे दाखवता येतं ते आहे: वजन, जखम, पाच फोटो. रात्रीच्या माणसांची संख्या वाढवा, असंही लिहिलं. पोराचं नाव घातलं नाही.

मग आईला फोन केला. तिचं माहेर कागलजवळचं, लहानपण गुऱ्हाळावर गेलेलं. त्या परिच्छेदातली दहा कामं मी तिला एकेक करून मराठीत समजावून सांगितली. चुलवाण, काहील, चिपाडं, मळी असं करत तिनं सात शब्द दिले. उरलेल्या तिघांसाठी ती शेजारच्या काकूंना विचारणार आहे. त्या नऊ दिवसांत मी तिच्या खाटेशेजारीच बसले होते. तेव्हा विचारायचं सुचलं नव्हतं.