अवधानाचे वाटप

कलकत्त्याच्या उत्तरेस बरानगर येथील भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५ मध्ये इंग्लंडहून एक गणकयंत्र आणले गेले. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेतील ‘एचईसी-२एम’ हा भारतातील पहिला अंकीय संगणक मानला जातो. त्याची स्मृती एका फिरत्या चुंबकीय ड्रमवर असे आणि ते यंत्र एका वेळी एकच काम करी. एकाचे गणित चालू असताना दुसऱ्याला थांबणे भाग होते. कोणाचे काम आधी घ्यावयाचे, हे माणसे ठरवीत. रांग डोळ्यांना दिसे आणि तिच्यातील न्याय-अन्यायाची जबाबदारी कोणाच्या तरी माथी असे.

पुढे तीस वर्षांत संगणक मेजावर आला. एक माणूस, एक यंत्र, अशी स्थिती झाल्यावर माणसांची रांग संपली. तिच्या जागी एकाच माणसाच्या अनेक कामांची रांग उभी राहिली. आयबीएमच्या १९८१ मधील वैयक्तिक संगणकावर ‘डॉस’ ही प्रणाली एका वेळी एकच आज्ञावली चालवी. पत्र लिहिताना हिशेब पाहावयाचा तर पत्र बंद करावे लागे. ही अडचण दूर करण्याचे अनेक प्रयत्न १९८५ या एकाच वर्षी बाजारात आले: आयबीएमचे टॉपव्ह्यू, क्वार्टरडेकचे डेस्कव्ह्यू, मायक्रोसॉफ्टचे विंडोज आणि कमोडोरचा अमिगा. अनेक कामे एकाच वेळी होतील, असे आश्वासन त्या सर्वांनी दिले. काटेकोरपणे पाहता ते कोणालाच पाळता येण्याजोगे नव्हते. गणन करणारा प्रक्रियक एकच होता. तो एका कामावरून दुसऱ्याकडे इतक्या त्वरेने वळे की पाहणाऱ्यास ती कामे एकत्र चालल्याचा भास होई. खरी गोष्ट होती ती वाटपाची.

हे वाटप करण्याच्या रीती मात्र दोन होत्या, आणि त्यांच्यातील भेद तंत्रापुरता मर्यादित नाही. विंडोजसाठी लिहिलेल्या आज्ञावलीने आपण होऊन ताबा सोडला, तरच दुसरीला संधी मिळे. या सहकारी रीतीत सारी मदार सौजन्यावर होती. कलकत्त्याच्या रुळांवर एक ट्राम अडली की मागच्या साऱ्या ट्राम खोळंबाव्यात, तसा एका हटवादी आज्ञावलीमुळे सगळा कारभार ठप्प होई. अमिगा आणि डेस्कव्ह्यू यांनी दुसरा मार्ग धरला. तेथे ठरलेला अवधी संपताच प्रणाली चालू काम थांबवी आणि पुढच्याला संधी देई. येथे सौजन्याची अपेक्षा नव्हती. घड्याळाची सत्ता होती.

इतिहासाने कौल दिला तो घड्याळाच्या बाजूने. १९९५ च्या विंडोजने नव्या पद्धतीच्या आज्ञावलींसाठी ही रीत स्वीकारली, आणि २००१ मध्ये मॅकिंटॉशची नवी प्रणालीही त्याच वाटेने गेली. म्हणून पहिली रीत भाबडी होती, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. काम कोठे थांबवले असता तुटत नाही, हे ते करणाऱ्यालाच नीट कळते. लेखक वाक्य पुरे करून उठतो. घड्याळ त्याला शब्दाच्या मध्यावरही उठवील. सहकारी रीतीत कर्त्याच्या या जाणिवेचा मान होता. तिची दुर्बलता अशी की, तिचा भंग करण्यास दुष्टपणाही लागत नसे. लक्षात न आलेली एखादी चूक पुरे होई. अमिगाच्या उदाहरणातून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. तेथे वेळेचे वाटप कठोर नियमाने होत असे, पण एकाची स्मृती दुसऱ्यापासून राखणारी भिंत नव्हती. त्यामुळे एकाच्या चुकीने सगळ्यांचाच नाश होऊ शके. वेळेचा न्याय्य वाटा आणि स्वत्वाची सुरक्षितता ही दोन वेगळी मूल्ये आहेत; एक मिळाले म्हणून दुसरे आपोआप लाभत नाही.

माणसाच्या मनाला यांपैकी कोणती रीत मानवते? यंत्र एक काम सोडताना त्याची संपूर्ण अवस्था टिपून ठेवते आणि नेमके त्याच बिंदूवर परतते. मनाला हे साधत नाही; सोडलेल्या कामाचा काही अंश नव्या कामात रेंगाळत राहतो. जात्यावर बसलेली स्त्री दळता दळता ओवी गाते, हे खरे. पण तेथे हात आणि कंठ एकाच लयीत असतात, आणि ओवी दळणाशी स्पर्धा करीत नाही. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे अवधान मागतात. मागितलेली वस्तू देण्याचा अधिकार देणाऱ्याकडे राहतो, हे त्या मागण्यात गृहीत आहे. परक्यांच्या समुदायात घड्याळाचा नियम हवा, कारण दुबळ्याचा वाटा सौजन्याच्या भरवशावर सोडता येत नाही. एका मनाच्या आत मात्र अवधान ज्याचे, त्यानेच ते वळवावे.

या दोहोंच्या मध्ये डेस्कव्ह्यूची एक सोय विचारात घेण्याजोगी आहे. त्या संगणकाचे घड्याळ सेकंदाला सुमारे १८ ठोके देई. समोरच्या कामाला त्यांतले किती आणि मागच्या कामाला किती, हे वापरणारा स्वतः ठरवू शके. सत्ता घड्याळाचीच होती, पण वाटा ठरवणारा यंत्राचा धनी होता. आज खिशातल्या फोनमध्येही अनेक गणनकेंद्रे असतात आणि अनेक कामे खरोखरच एकाच वेळी चालतात. यंत्राची टंचाई सरली; टंचाई आता धन्याच्या अवधानाची आहे. ते भंग करणारी घंटा बहुधा दुसराच कोणी, आपल्या लाभासाठी, वाजवीत असतो. ती बंद करण्याची कळ फोनमध्ये असते. पण ती शोधण्याचे कष्ट धन्याने करायचे आणि घंटा मात्र न मागता वाजायची, असा हा व्यवहार आहे. बरानगरच्या त्या यंत्रापुढे ताटकळलेल्या संशोधकाला आपला क्रम का मागे पडला, हे निदान कोणाला तरी विचारता येत असे.