हौसेचा धूर

पूर्वी मुलाने वेगळी चूल मांडली की आईबाप डोळ्यांना पदर आणि उपरणं लावत. आमच्या चिरंजीवांनी अमेरिकेत वेगळं बिऱ्हाड केलं त्याला आता अठरा वर्षं झाली, आणि त्याचं आम्हाला कधी फारसं काही वाटलं नाही. पण मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या अटलांटाच्या घरी गेलो, तर त्यांनी परसात खरोखरची चूल मांडलेली! तीही हजार डॉलरच्या वर पैसे मोजून. तेव्हा मात्र मी डोळ्यांना रुमाल लावला. धुरामुळे.

प्रथमदर्शनी मला तो रांजण वाटला. रांजणासारखंच पोट, वर घुमटासारखं झाकण, एकूण आकार एखाद्या राक्षसिणीने घातलेल्या अंड्याचा. भाजलेल्या मातीची जाडजूड भिंत, वरून काचेसारखी झिलई, आणि वजन सत्तर किलोच्या पुढे. म्हणजे माझ्यापेक्षा जास्त. तिला बसायला चाकांची बैठक, पावसापासून संरक्षणाला खास शिवलेला अंगरखा. आमच्या लग्नात मलासुद्धा इतका मापात बसणारा कोट मिळाला नव्हता.

‘‘बाबा, ह्याला कामादो म्हणतात,’’ चिरंजीव म्हणाले. ‘‘जपानी शब्द आहे.’’

‘‘अर्थ काय त्याचा?’’

चिरंजीव जरा घुटमळले. ‘‘चूल.’’

मग मी चौकशी केली. निवृत्त माणसाला चौकशीइतकं स्वस्त करमणुकीचं साधन नाही. जपानात भात शिजवायला मातीची एक गोल, झाकणाची चूल असायची. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे असलेल्या अमेरिकन सैनिकांना ती आवडली आणि काहींनी ती घरी नेली. पुढे १९७४ साली याच अटलांटा शहरात एड फिशर नावाच्या गृहस्थाने ‘बिग ग्रीन एग’ ही कंपनी काढली आणि हिरव्या अंड्यासारखी ही चूल विकायला सुरुवात केली. मग त्या घराण्यात इतरही कंपन्या जन्मल्या. आमच्या चिरंजीवांचं अंडं त्यांतल्याच एकीचं, रंगाने तपकिरी.

यातली खरी गंमत पुढेच आहे. अमेरिकन माणूस जपानी चूल उचलून घरी नेत होता, त्याच सुमारास जपानी बाई ती चूल सोडायच्या मार्गाला लागली होती. १९५५ साली तोशिबा कंपनीने आपोआप बंद होणारा विजेचा भाताचा कुकर बाजारात आणला. तो तयार केला मिनामी नावाच्या गृहस्थांनी; पण भात पुन्हा पुन्हा शिजवून, त्याची आच आणि वेळ मोजण्याचं काम केलं ते त्यांच्या पत्नीने. साहजिकच आहे. पहाटे उठून चुलीशी बसणं म्हणजे काय, हे घरात ठाऊक कोणाला होतं? म्हणजे एकीकडे ज्या बाईच्या नशिबी चूल होती ती त्यातून सुटायला धडपडत होती, आणि दुसरीकडे ज्या पुरुषाच्या नशिबी ती कधीच नव्हती तो तिला मिठी मारून जहाजात चढवत होता!

या चुलीचं तंत्र सांगतो, कारण सहा महिने मला दुसरं काही ऐकायलाच मिळालं नाही. खाली एक झरोका, वर झाकणाच्या टोकाला एक. खालून हवा शिरते, निखाऱ्यांतून वर जाते आणि वरून बाहेर पडते. आच वाढवायची ती कोळसा घालून नव्हे, झरोका उघडून. कमी करायची तीही झरोका मिटून. मातीची जाड भिंत उष्णता धरून ठेवते, म्हणून एकदा भरलेल्या कोळशावर बारा-बारा तास एकसारखी मंद आच राहते. मात्र ही चूल एकदा जास्त तापली की लवकर निवत नाही. एकशे दहा अंशांवर थांबवायची ती दुर्लक्षाने दीडशेवर गेली, तर परत खाली यायला फार वेळ घेते. चिरंजीव हे समजावून सांगत होते तेव्हा आमच्या हिने माझ्याकडे पाहिलं.

आणखी एक. आत आग कोंडलेली असताना झाकण एकदम उघडायचं नाही. बाहेरची हवा आत घुसते आणि ज्वाळा झेप घेते. आधी दोन बोटं उघडायचं, तिला श्वास घेऊ द्यायचा, मग पुरतं. हे मला तीनदा सांगण्यात आलं होतं. माझी उजवी भुवई आता पूर्ववत झाली आहे.

स्वयंपाक झाला की दोन्ही झरोके बंद. हवा संपते, आग विझते आणि उरलेला कोळसा पुढच्या खेपेला कामी येतो. ‘‘बघा बाबा, काही वाया जात नाही!’’ असं सांगताना चिरंजीवांचा चेहरा नुसता उजळला होता. मी मान डोलावली. पण मन एकदम सदाशिव पेठेतल्या वाड्यात जाऊन पोचलं.

आमच्याकडे लोखंडी शेगडी होती, आतून मातीने लिंपलेली. आई पहाटे पाचला उठून ती पेटवायची. रॉकेलचा बोळा, वर लोणारी कोळसा, आणि हातात पुठ्ठ्याचा पंखा. धूर जाईपर्यंत शेगडी बाहेरच्या ओट्यावर, मग आत. रात्री उरलेले निखारे ती चिमट्याने एकेक उचलायची, पाणी शिंपडून विझवायची आणि दुसऱ्या दिवशी उन्हात वाळवायची. कोळशाचा चुरा शेणात कालवून गोळे करायची. राखेने भांडी घासायची. काही वाया जात नव्हतं. पण त्यामुळे तिचा चेहरा उजळल्याचं मला आठवत नाही. तिच्या चेहऱ्यावर असायचं ते कोळशाचं बोट आणि डोळ्यांतून येणारं पाणी.

चिरंजीवांच्या चुलीबरोबर आलेल्या पुस्तिकेत ठळक अक्षरांत लिहिलं आहे, की ही घरात पेटवू नये, उघड्यावरच वापरावी. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो. आईच्या स्वयंपाकघराला एक खिडकी होती. ती जिन्यात उघडायची. आईला पुस्तिका मिळाली नव्हती.

आणि आम्ही? वडील आणि आम्ही तिघं भावंडं पाटावर बसून विचारायचो, ‘‘अजून किती वेळ?’’ आत धुरातून उत्तर यायचं, ‘‘झालंच!’’ ते कधीच झालेलं नसायचं. पुढे १९७७ साली माझं लग्न झालं. पाटावर मीच राहिलो, शेगडीपुढे आणखी एक बाई आली, एवढाच फरक. गॅससाठी नंबर लावून ठेवला होता, तो १९८३ साली लागला. सिलिंडर घरात आला त्या दिवशी आईने त्याला हळदकुंकू वाहिलं. आठ दिवसांत शेगडी भंगारवाल्याला देऊन टाकली. तो पैसे देऊ लागला, तर तिने घेतले नाहीत.

तीच शेगडी तिच्या नातवाने हजार डॉलर देऊन परत आणली.

सहा महिने मला एकच प्रश्न छळत होता. धूर तोच, कोळसा तोच, वाकून वाकून भरून येणारी पाठही तीच. मग एकाच्या बाबतीत त्याला कष्ट म्हणायचं आणि दुसऱ्याच्या बाबतीत हौस, हे कसं? कामात असं काय बदललं?

पहिलं उत्तर सोपं आहे. चिरंजीवांना कंटाळा आला तर ते अंगरखा घालून चूल झाकून ठेवतात आणि फोन करून पिझ्झा मागवतात. आईला कंटाळा आला तर घर उपाशी राहिलं असतं. जे काम सोडून देता येतं त्याला हौस म्हणायचं, सोडता येत नाही त्याला कष्ट. आपण होऊन डोंगर चढणारा गिर्यारोहक असतो आणि त्याचं सामान वाहणारा हमाल. डोंगर तर एकच.

हे उत्तर मला दोन दिवस पुरलं. तिसऱ्या दिवशी चिरंजीवांनी ऑफिसातल्या मित्रांना जेवायला बोलावलं.

बेत होता डुकराच्या खांद्याचा. आम्ही दोघं शाकाहारी, तेव्हा आम्ही फक्त सोहळा पाहिला. आदल्या रात्री दहाला खांदा आत गेला. त्याला एक सळई टोचलेली, ती त्याच्या पोटातलं तापमान थेट फोनवर कळवणार. रात्री तीनला फोन ओरडला आणि चिरंजीव धडपडत परसात धावले. हेच चिरंजीव आठ महिन्यांचे असताना रात्री तीनला ओरडायचे, तेव्हा त्यांचा बाप कूस बदलून झोपायचा, हे मला नेमकं त्याच वेळी आठवलं. सकाळी पाहतो तो मुलगा फोनकडे टक लावून बसलेला. तापमान अडुसष्ट अंशांवर येऊन अडलं होतं, तास-दोन तास हलेना. हे असंच होतं म्हणे. मांसातलं पाणी बाहेर येऊन त्याची वाफ होते आणि ती वाफ मांसाला गार ठेवते. माठातलं पाणी गार होतं, अगदी त्याच न्यायाने. अशा वेळी काही करायचं नसतं, नुसतं बसून राहायचं असतं. सरकारी नोकरीत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे तंत्र शिकवावं लागत नाही. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.

संध्याकाळी झाकण उघडलं आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. अक्षरशः टाळ्या! चिरंजीवांनी किंचित लवून त्या स्वीकारल्या.

आमच्या सूनबाई तेव्हा आत होत्या. नोकरी सांभाळून त्यांनी आदल्या रात्रीपासून कोशिंबीर, डाळ, भात, दोन भाज्या आणि गोडाचं केलं होतं. घर आवरलं होतं, आणि पाहुण्यांच्या पोरांना एकमेकांच्या हातून जिवंत ठेवलं होतं. त्यांच्याकडे गॅस होता, धूर नव्हता. टाळ्याही नव्हत्या.

तेव्हा माझं पहिलं उत्तर लंगडं पडलं. सोडता येण्या-न येण्याचाच प्रश्न असता, तर टाळ्या त्यालाच मिळायला हव्यात जो सोडू शकत नाही. प्रत्यक्षात होतं उलटं. जे महिन्यातून एकदा, तेही मर्जीने होतं, त्याचं कौतुक. जे रोज दोनदा बिनचूक होतं, ते हवेसारखं गृहीत. हवा आहे हे आपल्या लक्षात येतं ते झरोका बंद झाल्यावरच.

रात्री मी हिला विचारलं, ‘‘अगं, तुला राग नाही येत? सहा वर्षं तूही त्या शेगडीपुढे डोळे चोळलेस. सुटलीस म्हणून आनंद केलास. आणि आता आपल्याच मुलाने पैसे देऊन तो धूर घरी आणलाय. तू रोज संध्याकाळी त्याच्याजवळ खुर्ची टाकून बसतेस!’’

ही म्हणाली, ‘‘धुरावर कशाला रागवू? धूर बिचारा सगळीकडे सारखाच. तेव्हा मी पेटवत होते आणि तुम्ही पाटावर बसून विचारत होता, ‘अजून किती वेळ?’ आता तो पेटवतो आणि मी खुर्चीत बसून विचारते, ‘अजून किती वेळ?’ तुम्हाला कल्पना नाही, हे विचारायला किती छान वाटतं!’’

मी गप्प बसलो. एवढ्या वर्षांत तो प्रश्न मी किती वेळा विचारला असेन याचा मनाशी हिशेब करू लागलो आणि आकडा मोठा होऊ लागला तसा सोडून दिला. काम कष्टाचं की हौसेचं, हे कामाकडे पाहून ठरत नाही. खुर्चीत कोण बसलं आहे आणि बसणारा कधी उठून उभा राहतो का, यावर ते ठरतं. पाळीपाळीने केलं तर शेगडीसुद्धा खेळ होते. पाळी एकाचीच असली तर खेळाचीही शेगडी होते. चिरंजीवांच्या हौसेत मला खोट दिसत नाही. ती हौस एक पिढी आधी, मला व्हायला हवी होती, इतकंच. शेगडी तर घरातच होती. हजार डॉलरही लागले नसते.

परत निघायच्या आदल्या दिवशी मी जाहीर केलं, की आज भरीत मी करणार. अमेरिकन वांगं आपल्या दुधी भोपळ्याच्या अंगाने जातं, त्यामुळे भरताला एकच पुरलं. कोळसा मी पेटवला. झाकण दोन बोटं उघडून, श्वास घेऊ देऊन, मग पुरतं उघडलं. वांगं निखाऱ्यांच्या वरच्या जाळीवर ठेवलं. ते एका बाजूने जळत होतं आणि दुसऱ्या बाजूने ढिम्म हलत नव्हतं. वारा फिरला आणि धूर नेमका माझ्या डोळ्यांत गेला. सूनबाई आणि ही, दोघी खुर्च्यांत बसून चहा घेत होत्या. चिरंजीव भांडी घासत होते. ती अट मी आधीच घातली होती.

‘‘अहो,’’ हिने हाक मारली, ‘‘अजून किती वेळ?’’

मी वांग्याला बोट लावून पाहिलं. अर्धं कच्चंच होतं.

‘‘झालंच!’’ मी म्हणालो.