पाकिटावरचा उन्हाळा

व्हायोलिनसारखी वाद्यं ज्या गजानं वाजवतात, त्याला घोड्याच्या शेपटीचे केस ताणून बसवलेले असतात. कोरा गज तारेवरून कितीही फिरवा, तो नुसता घसरतो. नाद असा निघतच नाही. त्याला राळ चोळली की चित्र पालटतं. केस तारेला धरतात, थोडं ओढून नेतात, ताण वाढला की तार सुटते आणि लगेच पुन्हा धरली जाते. डबल बास या गजानं वाजणाऱ्या मोठ्या तंतुवाद्याच्या सर्वांत खालच्या तारेवर ही धरसोड सेकंदाला सुमारे 41 वेळा होते. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1918 मध्ये, म्हणजे प्रकाशावरच्या त्यांच्या प्रसिद्ध शोधाच्या दहा वर्षं आधी, कलकत्त्यातून गजानं वाजणाऱ्या तारांच्या कंपनांवर मोठा प्रबंध प्रसिद्ध केला होता. राळेच्या त्या वडीवर किती अवलंबून असतं, हे एवढ्यावरून कळावं.

चीड झाडाच्या खोडातून पाझरणारा चीक तापवून त्यातलं टर्पेंटाइन उडवून वेगळं केलं की मागे उरते ती राळ. हिमाचल आणि उत्तराखंडात ती निघते, आणि सोल्डरिंगच्या कामालाही तीच उपयोगी पडते. वाद्याला लागणारी राळ मात्र तारेकडे बघून निवडावी लागते. व्हायोलिनची तार बारीक, तिला कडक राळ चालते. डबल बासची तार जाडजूड. ती हलवायची तर राळ मऊ आणि चिकट हवी. ही मऊ राळ इतकी मऊ असते की उघडी, आडवी ठेवली तर दिवसागणिक आपला आकार सोडून पसरत जाते.

आता निवडीचा प्रश्न. जाणकार एक सोपा नियम सांगतात : हवा उष्ण आणि दमट असेल तर कडक राळ घ्या, थंड आणि कोरडी असेल तर मऊ. काही पाकिटांवर उन्हाळा, हिवाळा असं छापलेलंही असतं. नियम चुकीचा नाही. पण सोलापूर त्यात बसायचं कुठं? इथला एप्रिल-मे उष्ण खरा, पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो. पण हवा दमट नव्हे, कोरडी ठणठणीत. नियमात उष्णतेची जोडी ओलाव्याशी लावलेली आहे आणि कोरडेपणाची थंडीशी. आपल्याकडे ती जोडी मोडते.

डबल बास सोलापुरात सहसा दिसत नाही. मुंबईत 2006 मध्ये स्थापन झालेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियात तो ऐकायला मिळतो. समजा, मुंबईतला एखादा बासवादक मे महिन्यात रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं निघाला आणि सकाळी सोलापूरला उतरला. राज्य एकच, अंतर एका रात्रीचं, पण त्याच्या खिशातली राळ वेगळ्याच हवेत येऊन पडली. सकाळच्या रियाजाला ती नीट साथ देईल. दुपारी पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या गाडीत राहिली तर डबीत वितळून बसेल, आणि उघडी असेल तर वाऱ्याबरोबर येणारी धूळ तिच्यावर चिकटेल. कडक वडी घेऊन आला असेल तर निराळी काळजी : ती ठिसूळ असते, हातातून शहाबादी फरशीवर सुटली की तुकडे.

त्यानं काय करावं? पाकीट बाजूला ठेवून आधी हाताला विचारावं. गज घसरतोय का, की तारेला चिकटून खरखरतोय? घसरत असेल तर दोन-तीन हात राळ पुरे. बासच्या गजाला ती मुठीकडून टोकाकडे, एकाच दिशेनं लावतात. खरखरत असेल तर आणखी लावू नये. केसांना बोटं लावू नयेत, कातडीचं तेल लागलं की तेवढा भाग राळ धरत नाही. वाजवून झालं की तारांवरची आणि लाकडावरची भुकटी मऊ कोरड्या फडक्यानं पुसावी, नाहीतर उन्हाळ्यात ती रोगणावर घट्ट बसते. डबी झाकून, सपाट, घरातल्या गार कोनाड्यात ठेवावी.

आधी हवा बघून मग ठरवण्याची ही दृष्टी सोलापूरला नवी नाही. हवा कोरडी पडली की सूत तुटू लागतं, हे मागावर बसणाऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. तो आधी हवा बघतो, मग सुताकडे वळतो.

सल्ल्याचंही असंच आहे. प्रत्येक सल्ला कुठल्या तरी हवेत तयार झालेला असतो. तो देणारा खोटं बोलत नसतो. त्याच्या गावात, त्याच्या काळात ते खरंच उपयोगी पडलेलं असतं. कायम नोकरी धर, घर आधी बांध, गाव सोडू नको, किंवा गाव सोडच. पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशी गेलेल्या मुलांना आपण फोनवर असं बरंच सांगतो, आणि त्यांनी ते मानलं नाही की रुसतो. आपल्या बोलण्यातली उष्णता आणि ओलावा यांची जोडी त्यांच्याकडे जुळते का, हे विचारायचं राहून जातं.

आज कुणाला काही सांगायची वेळ आली, तर ते आपल्याला कधी आणि कशा परिस्थितीत उपयोगी पडलं, एवढं सोबत सांगावं. घेणारा शहाणा असतो; किती लावायचं, ते तो आपल्या हातानं ठरवील.