पाहुण्यांची खोली

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्यानं काढली त्यानं दोन्ही केलेलं असणार, आणि बहुधा एकाच वर्षात. माझं लग्न करून झालं होतं. त्यासाठी काढलेलं कर्जही फिटलं होतं. राहिलं होतं ते घर.

कोडोलीत आम्ही दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. आम्ही म्हणजे मी, सौ., मुलगी आणि आण्णा, म्हणजे माझे वडील. आण्णांची उभी हयात एसटीत कंडक्टर म्हणून गेली. त्यामुळे जागा या विषयावरची त्यांची मतं चारचौघांसारखी नाहीत. चव्वेचाळीस सीटच्या गाडीत जोतिबाच्या यात्रेला ऐंशी माणसं घातलेला माणूस तो. दोन खोल्यांत चार माणसं म्हणजे त्यांच्या हिशेबानं गाडी रिकामीच चालली होती. तोट्यात.

पण सौ.चं मत वेगळं होतं, आणि आमच्या घरात मतमोजणी एका मतावर संपते. घर घ्यायचं ठरलं.

घर घ्यायचं ठरवलं की पहिला शोध लागतो तो हा, की घर आपण घेतच नसतो, गाव घेतं. आपण फक्त पैसे भरायचे. शाळेत स्टाफरूममध्ये मी नुसता विषय काढला, तर एरवी पेपर तपासताना मान वर न करणारी मंडळी खुर्च्या ओढून जवळ आली. "एकदाच घ्यायचं तर मोठं घ्या, सर." "पुढं गेट पायजे, दोन पाकळ्यांचं." "आणि पाहुण्यांची खोली सोडू नका. लोक काय म्हणतील?" हे लोक म्हणजे नेमके कोण, ते माझ्या आजतागायत ध्यानात आलेलं नाही, पण ते आमच्या घराच्या हप्त्यात एक रुपयाही घालणार नव्हते, एवढं नक्की.

मग मी बँकेत गेलो. साहेबांनी माझी पगाराची स्लिप पाहिली, वय विचारलं, कॉम्प्युटरची दोनचार बटणं दाबली आणि म्हणाले, "सर, तुमची लायकी सव्वीस लाख." आजवर माझी लायकी पुष्कळांनी काढली आहे, पण ती आकड्यात सांगणारे हेच पहिले. मला इतका आनंद झाला, की त्या सव्वीस लाखांवर माझं नाव नसून माझ्यावर त्यांचं नाव लागणार आहे, हे बाहेर येऊन सायकलचं कुलूप काढेपर्यंत लक्षात आलं नाही. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षं. हप्ता २२ हजार ५६३ रुपये. माझं वय अडतीस. म्हणजे कर्ज आणि मी, दोघंही एकाच दिवशी निवृत्त होणार. शाळेला हार एकच आणावा लागेल. एकूण फेड ५४ लाखांच्या वर. २६ लाख घराचे, आणि २८ लाख त्या २६ लाखांना सोबत म्हणून.

इथं माझ्या डोक्यात जो किडा शिरला तो अजून गेलेला नाही. बँकेनं मला विचारलं, 'तुम्हाला किती झेपेल?' स्टाफरूमनं विचारलं, 'लोकांना किती दिसेल?' पण 'बाबा रे, तुला लागतंय किती?' हे मला कुणीच विचारलं नाही. मीही विचारलं नव्हतं. या प्रश्नावर टॉल्स्टॉयनं १८८६ साली एक गोष्ट लिहून ठेवली आहे. माणसाला जमीन किती लागते, तर शेवटी सहा फूट, असं त्याचं उत्तर. उत्तर थोर आहे, पण सहा फुटांत स्वयंपाकाचा ओटा बसत नाही. संतमहात्म्यांची हीच अडचण असते. ते आयुष्याचा शेवटचा हप्ता सांगतात. मधल्या हप्त्यांचं आपलं आपण बघायचं.

पूर्वीचे लोक काय करत? १९७८ साली एचडीएफसीनं आपलं पहिलं घरकर्ज दिलं. मुंबईत मालाडला बांधलेलं सत्तर हजारांचं घर, आणि कर्ज तीस हजारांचं. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसे त्या गृहस्थानं स्वतः उभे केले होते. व्याज साडेदहा टक्के, माझ्याहून जास्त; तरी त्याला माझ्याहून चांगली झोप लागत असावी. आता तीस लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याची बँकांना मुभा आहे. तेव्हा माणूस घर घ्यायचा आणि त्याला बँक हातभार लावायची. आता बँक घर घेते आणि आपण हातभार लावतो.

हे ऐकून तुम्ही म्हणाल, मग स्वस्तातलं बघायचं. बघितलं की! एका एजंटानं वारणेच्या अंगाला, खालच्या बाजूला दोन गुंठे दाखवले. गुंठा म्हणजे तेहेतीस फूट बाय तेहेतीस फूट. भाव ऐकून मला गहिवरून आलं. सातबारावर नावं इतकी, की हजेरीपट उघडल्यासारखं वाटलं. आणि जमीन अजून शेतीचीच होती. शेजारच्या गोठ्यात एक आजोबा म्हशीला वैरण टाकत होते. मी विचारलं, "आजोबा, इथं पाणी येतं का?" म्हणाले, "नळाचं न्हाई येत." आणि गोठ्याच्या भिंतीवर आपल्या डोक्याच्या वर हात नेऊन एक रेघ दाखवली. "ह्ये एकोणीसचं." मग जरा खाली हात आणून, "ह्ये एकवीसचं." एजंट तोवर फोनवर बोलत लांब गेला होता. सांगायचा मुद्दा, बेतात बसतं ते सगळंच घर नसतं. काही वेळा ती नुसती बेतानं घेतलेली आपत्ती असते.

शेवटी दोन घरं उरली. एक अडतीस लाखांचं. दोन पाकळ्यांचं गेट, व्हरांडा आणि पाहुण्यांची खोली असलेलं. दुसरं बावीस लाखांचं. पुढची खोली, मागची खोली, स्वयंपाकघर, वर पत्रा नव्हे तर स्लॅब. दोन्हींत फरक सोळा लाखांचा. मी गणिताचा मास्तर. रात्री वही घेऊन बसलो. सोळा लाखांचं साडेआठ टक्क्यांनी वर्षाचं नुसतं व्याज १ लाख ३६ हजार. आमच्याकडे मुक्कामी पाहुणे येतात वर्षातून बारा रात्री. चैत्री यात्रेला तीन, दिवाळीत चार, बाकी किरकोळ. भागाकार केला. रात्रीला ११ हजार ३३३ रुपये! त्यापेक्षा पाहुण्यांना कोल्हापुरात चांगल्या हॉटेलात उतरवलं, तांबडा-पांढरा पाजला आणि जाताना गुळाची ढेप हातात दिली, तरी वर पैसे उरत होते.

हा हिशेब मी स्टाफरूममध्ये मांडला. इतिहासाचे सर उसळले. "असा हिशेब तात्यासाहेब कोऱ्यांनी केला असता तर वारणानगर झालं असतं का? माळरान होतं ते! अंथरूण बघत बसले असते तर कारखाना कुठला, दूध संघ कुठला?"

मुद्दा बिनतोड होता. आमच्या शेजारीच, गेल्या शतकाच्या पन्नाशीत, खडकाळ माळावर कारखाना काढायची हिंमत त्या माणसानं केली, आणि आज निम्म्या तालुक्याची चूल त्यावर पेटते. मी दोन दिवस विचारात पडलो. मग जाणवलं, की ते कर्ज ऊस फेडणार होता. कारखान्याच्या धुराड्यातून पैसा बाहेर पडणार होता. माझ्या पाहुण्यांच्या खोलीतून फक्त पाहुणे बाहेर पडणार होते, तेही उशिरा. कर्ज वाईट नसतं. कमावतं कर्ज आणि मिरवतं कर्ज यांची जात वेगळी, एवढंच.

एवढं कळूनही मी अडतीस लाखांच्या घराकडे वळलो, हे कबूल करतो. माणसाला कळतं एक आणि तो वळतो दुसरीकडे, म्हणून तर इतके उपदेशक जगतात. माझे साठलेले चार लाख आणि बँकेचे सव्वीस मिळून तीस होत होते. कमी पडत होते नेमके आठ. आणि आण्णांच्या नावावर, त्यांच्या निवृत्तीच्या वेळी ठेवलेली मुदतठेव होती आठ लाखांची.

मी मागितले नाहीत. आण्णांनीच एका संध्याकाळी कापडी पिशवीतून पावती काढून माझ्यापुढं ठेवली. "हे घे. मला काय करायचं हाय आता?" मी 'नको नको' म्हटलं. पण ते कसं, तर जेवायला बसलेला माणूस तुपाला 'नको' म्हणतो तसं; हात आडवा, पण बोटांत फट. पावती रात्री माझ्या कपाटात गेली.

रविवारी सकाळी मी स्टँडकडे पेपर आणायला गेलो. हॉटेलात आण्णा त्यांच्या जुन्या एसटीवाल्यांबरोबर बसले होते. पाचसहा म्हातारे, तितकेच चहा, एक प्लेट भजी. उठताना आण्णांनी बाकीच्यांचे हात बाजूला सारले. "आज माझ्याकडनं." आणि खिशातून नोटा काढून, अंगठ्यानं सरकवत, कंडक्टर मोजतो तशा मोजून दिल्या. सुटे परत घेतले, तेही मोजून. त्या अर्ध्या मिनिटात माझा बाप निवृत्त नव्हता. ड्यूटीवर होता.

ठेवीचं व्याज महिन्याला पाच हजार येत होतं. त्यातला हा चहा. मी घरी येईपर्यंत हिशेब मांडला, पण या वेळी वही लागली नाही. ठेव मोडली तर आण्णा माझ्याकडे चहाला पैसे मागतील का? मी नाही म्हटलं नसतं. पण आण्णांनी मागितलेच नसते. त्यांनी चहाला जायचं बंद केलं असतं. "हल्ली चहानं पित्त होतंय" असं काहीतरी सांगितलं असतं, आणि ते मला पटलंही असतं, कारण पटणं माझ्या सोयीचं होतं.

माझी पाहुण्यांची खोली या चहावर उभी राहणार होती.

परवडणं म्हणजे काय, याची व्याख्या मला त्या दिवशी स्टँडवर मिळाली. बँकेचं कोष्टक पगार धरतं, वय धरतं, व्याज धरतं. पण घर आपल्याला परवडताना दुसऱ्या कुणाचं काय बंद पडतंय, हा रकाना त्यात नसतो. तो आपल्यालाच आखावा लागतो. त्यात बापाचा चहा असतो, मुलीची सहल असते, बायकोनं न बोलता पुढं ढकललेलं दातांचं काम असतं.

संध्याकाळी मी पावती परत दिली. आण्णा म्हणाले, "का? कमी पडत्यात का?" म्हटलं, "नाही आण्णा, घरच कमी घेतोय." त्यांनी पावती पिशवीत ठेवली. काही बोलले नाहीत, पण पिशवीच्या बंदाला दोनदा गाठ मारली.

बावीस लाखांचं घर घेतलं. चार माझे, अठरा बँकेचे. पंधरा वर्षं, हप्ता १७ हजार ७२५. निवृत्तीच्या पाच वर्षं आधीच सुटका. घर सौ.च्या नावावर केलं. महाराष्ट्रात २०२१ पासून घर बाईच्या नावानं घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. बावीस हजार वाचले. त्या बदल्यात मी आता बायकोच्या घरात राहतो. पण त्यात नवीन काही नाही. फक्त कागद झाला.

वास्तुशांतीचे पेढे आण्णांनी आणले. त्यांच्या पैशानं. ते सगळ्यांना सांगितलंही, त्यांच्याच तोंडानं.

लोक काय म्हणाले? "घर छान आहे, जरा लहान वाटतं." आणि पुढच्या महिन्यात, चैत्री यात्रेला, नऊजण मुक्कामाला आले. गुलालानं माखलेले, दमलेले. पुढच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत सतरंज्या पडल्या. रात्री अकराला आणखी एक मेहुणे दारात उभे. मी संकोचानं जागा शोधत होतो. दिवा घालवलेला. तेवढ्यात अंधारातून आण्णांचा आवाज आला, चाळीस वर्षं मुरलेला :

"चला, पुढं सरका. अजून एक शीट बसतंय."